उचलून नेलेलं गाव

हायवेच्या फाट्यावर ‘हॅलोरन्स फाइंड – भुतांचं गाव’ अशी तपकिरी पाटी लागली आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. मुरलिंगमध्ये पेट्रोल पंप एकच, तो माझा. पंपामागे चहा आणि पेस्टी, म्हणजे खिम्याची जाड करंजी, मिळते, तीही माझ्याच हातची. त्यामुळे फाइंडची लाल धूळ खाऊन परत आलेला प्रत्येक पर्यटक माझ्यासमोर उभा राहून कुरकुरतो. सिडनीचा एक माणूस तर रागानं लाल झाला होता. कच्च्या रस्त्यानं गाडी हाणत तिथवर गेला, आणि दिसलं काय, तर ढासळलेली दगडी धुरांडी, बाटल्यांच्या काचा आणि झुडपं.

“अहो, भिंती नाहीत, छपरं नाहीत! भुताचं गाव म्हटल्यावर थोडी तरी पडझड नको का?” तो म्हणाला.

“पडझड व्हायला घर जागेवर असावं लागतं,” मी म्हटलं. “तुम्ही आत्ता जिला टेकून उभे आहात ना, ती फाइंडचीच भिंत. सॉस हवाय का पेस्टीवर?”

तो चटका बसल्यासारखा सरळ झाला. मला अशा वेळी फार मजा येते. पण खोटं काही बोलले नव्हते. आमच्या भागात इमारतीचं लाकूड मिळत नाही आणि पत्रा लांबून आणावा लागायचा. खाणीतलं सोनं संपलं की माणसं घर सोडून जायची नाहीत, घर सोडवून न्यायची. पत्रे उचकटायचे, फळ्या काढायच्या, कुठली कुठं बसते ते कळावं म्हणून प्रत्येकीवर छिन्नीनं खूण करायची. खिळेसुद्धा ठोकून सरळ करून डब्यात भरायचे. सगळं लॉरीवर लादलं की पुढचं गाव. मुरलिंगमधलं निम्मं गाव असंच आलेलं आहे. आमचं चर्च फाइंडचं, माझा पंप म्हणजे तिथल्या न्हाव्याचं दुकान, आणि मी राहते ते घर ट्रेवीन कुटुंबाचं. दगड तेवढे मागे राहिले, कारण दगड वाहून नेणार कोण?

म्हणून त्या पाटीवरच्या शब्दाशी माझं कधी जमलंच नाही. भूत म्हणजे ज्यानं जायला हवं होतं पण गेला नाही तो. फाइंडमधून तर झाडून सगळे गेले, जाताना न्हाव्याची खुर्चीसुद्धा घेऊन गेले. मग तिथं भूत व्हायला राहिलं कोण? मी हे एकदा मेव्हिस मावशीला विचारलं. मेव्हिस मावशी वाँगाथा आहे, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, हा सगळा मुलूख तिच्या लोकांचा. शनिवारी ती माझ्याकडे चहाला येते आणि माझ्याच पेस्टीला नावं ठेवते.

“ओसाड काय, ओसाड!” ती म्हणाली. “तुमची माणसं आली, उंदरांसारखी जमीन उकरली आणि गेली. माझी आजी म्हणायची, पाहुणे गेले एकदाचे, आता जरा पाय पसरायला मिळतील. आम्ही इथंच होतो की गं. आम्ही काय तुला भुतं दिसतो?”

“कधीकधी,” मी म्हटलं.

“तुझी पेस्टी खाल्ल्यावर कुणीही दिसेल.”

जुलैतली सकाळ होती, आमच्या ऑस्ट्रेलियात तेव्हा हिवाळा. थंडी मस्त पडली होती, माश्याही कमी होत्या. अल्मा ट्रेवीन पंपावर आली ती पाय आपटतच. अल्मा आता ऐंशीच्या पुढे गेली आहे, पण काठी वापरत नाही आणि कुणी हात दिला तर त्याच्याकडे असं बघते की तो हात खिशात जातो. माझं घर मी तिच्याकडूनच विकत घेतलं. तिची आई थकली, तेव्हा. तेव्हापासून आमची ओळख, म्हणजे तीस-पस्तीस वर्षांची.

“व्हर्ना, फाइंड खणून काढणार आहेत,” ती म्हणाली. “सोन्याचा भाव चढलाय ना. अख्ख्या गावाच्या जागी खड्डा. दफनभूमीला म्हणे कुंपण घालतील. बाकी सगळं मशीनमध्ये.”

“मग जाऊ दे की. तिथं आहे काय?”

“पर्सी आहे.”

मी हातातली किटली खाली ठेवली. पर्सी हे नाव मी इतक्या वर्षांत तिच्या तोंडून एकदाही ऐकलं नव्हतं.

पर्सी म्हणजे तिचा धाकटा भाऊ. फाइंडमध्ये जन्मला आणि जेमतेम दोन आठवडे जगला. पाद्री महिन्यातून एकदा यायचा, त्याच्या आधीच सगळं आटोपलं. बाप्तिस्मा नाही, म्हणून दफनभूमीत जागा नाही. वडिलांनी सुरुंगाच्या दारूच्या रिकाम्या पेटीत त्याला ठेवलं आणि स्वैपाकघराच्या खिडकीबाहेर पुरलं. तेव्हा फाइंडमध्ये टेबलापासून पाळण्यापर्यंत सगळं त्या पेट्यांचंच असायचं. पुढच्या वर्षी खाण बंद पडली आणि घर लॉरीवर चढलं. अल्मा तेव्हा सहा वर्षांची होती.

“आई त्याला तिथं टाकून आली,” अल्मा म्हणाली. “खिळे वेचले तिनं, व्हर्ना. गुडघ्यावर बसून वाळूतले खिळे वेचले. आणि मुलाला टाकून आली. पंधरा-सोळाची असताना भांडणात मी तिला हे तोंडावर म्हटलं. ती उठली, खिडकीशी जाऊन उभी राहिली, आणि त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. मी पुन्हा कधी विचारलं नाही. पण माफही केलं नाही.”

“आता?”

“आता मशीन येईल आणि त्याला खडीबरोबर चाळून काढेल. तिनं एकदा टाकलं. मी दुसऱ्यांदा टाकायची नाही.”

अल्मा रडत नाही. तिची हनुवटी तेवढी पुढे येते, तशी ती आली होती.

खाण कंपनीनं पाठवलेली पुरातत्त्ववाली मुलगी त्याच आठवड्यात माझ्या पंपावर उतरली. नाव सास्किया. तिशीची असेल, गुडघ्याला मातीचे डाग आणि तोंडात अखंड प्रश्न. मला अशी माणसं आवडतात. मी स्वतः तशीच आहे, फक्त माझ्या प्रश्नांचे मला कुणी पैसे देत नाही. महिनाअखेर खुंट्या मारून जागा खाणीच्या ताब्यात जाणार होती. त्याआधी जे काही जपायचं ते दाखवून द्यायचं, हे तिचं काम. अल्माचं सगळं बोलणं तिनं मान तिरकी करून ऐकलं.

“मिसेस ट्रेवीन, तुमचं घर नेमकं कुठलं, ते ओळखता येईल का?”

“अल्मा म्हण. लग्न मी केलंच नाही, मिसेस कुठली? बेकरीची भट्टी आहे ना, घुमटासारखी, ती अजून उभी आहे. तिच्या शेजारचं.”

“आणि खिडकी कुठल्या बाजूला?”

“पश्चिमेला,” अल्मा एका क्षणात म्हणाली. “संध्याकाळचं ऊन थेट ताटात पडायचं. बाबा डोळ्यांवर टोपी ओढून जेवायचे.”

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी निघालो. चौथी मेव्हिस मावशी, कारण तिच्या लोकांपैकी कुणी हजर असल्याशिवाय त्या जमिनीला कुदळ लागत नाही. मी पिकअप चालवत होते आणि सास्किया मागून माझं डोकं खात होती.

“तुम्हाला काय वाटतं, व्हर्ना, गाव ओसाड कधी होतं? शेवटचा माणूस गेल्यावर? की शाळा बंद झाल्यावर?”

“दारूचा गुत्ता बंद झाल्यावर.”

“मस्करी नको. मला अहवालात व्याख्या लिहायची आहे.”

“मग लिही, पाव विकत घ्यायला दुसऱ्या गावी जावं लागलं, की संपलं,” मी म्हटलं. “हे बघ, मुरलिंगमध्ये आता शाळा नाही, पोस्ट आठवड्यातून दोनदा, डॉक्टर विमानातून येतो. आम्ही उरलोय किती? पाटीवाल्यांना विचार, आमची पाटी कुठल्या वर्षी लावणार ते.”

“तुम्ही मग घर उचलून न्याल?”

“न्यायचं कुठं? पुढचं गाव आहेच कुठं?” म्हणायला हसत म्हटलं, पण तो प्रश्न मला आवडला नाही.

भट्टी होती तशी उभी होती. शेजारच्या घराचा उरला होता तो धुरांड्याच्या दगडांचा ढिगारा. धुरांडं घराच्या मधोमध असायचं, रस्ते केव्हाच झुडपांखाली गेलेले, त्यामुळे पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली हे जमिनीवरून काही कळेना. पण अल्माला शंका नव्हती. ती ढिगाऱ्यापाशी उभी राहिली, सूर्य कुठून कुठं जातो ते बघितलं आणि पश्चिमेकडे बोट केलं. सास्कियानं दोऱ्या बांधल्या आणि खुरप्यानं मातीचा एकेक पापुद्रा काढत बसली. मेव्हिस मावशी छत्रीखाली खुर्ची टाकून बसली होती. दुपारपर्यंत चांगला मोठा चौकोन खणून झाला. सगळीकडे विटेसारखी कडक, एकरंगी जमीन.

“इथं कधी कुणी कुदळ मारलेली नाही,” मेव्हिस मावशी म्हणाली.

सास्कियानं बाहीनं कपाळ पुसलं. “खरंय. ही माती जगाच्या आरंभापासून अशीच पडलेली आहे. अल्मा, थोडं पुढे बघू? थोडं उजवीकडे?”

पुढे बघितलं. उजवीकडे बघितलं. अल्मा आधी उभी होती, मग दगडावर बसली. परत येताना ती खिडकीला डोकं टेकवून होती आणि गावात शिरल्यावरच बोलली.

“मला आठवतंय ते काय मग? बाबा खणतायत, आई खिडकीत. मला दिसतंय ते. की मी भाऊच मनानं तयार केला, व्हर्ना? एकटी वाढले म्हणून?”

तिला घरी सोडलं आणि मी माझ्या स्वैपाकघरात येऊन चहा टाकला. चार वाजले असतील. ऊन नेहमीसारखं खिडकीतून टेबलावर आलं. अल्मा म्हणाली तसंच. तीच खिडकी, तेच ऊन. मी कप घेऊन बाहेर गेले आणि नुसतीच खिडकीच्या भिंतीकडे बघत उभी राहिले.

त्या भिंतीवर माझा जुना राग. घराच्या बाकी भिंतींचा रंग दहा-दहा वर्षं टिकतो, ह्या एकीचा दोन वर्षांत पोपडे होऊन खाली. फळ्यांमधलं मऊ लाकूड खाल्लं गेलेलं, कडक रेषा तेवढ्या वर आलेल्या. बोट फिरवलं की खवल्यांसारखं लागतं. वाळूनं घासलेलं लाकूड असंच होतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. उन्हाळ्यात वाळवंटाकडून पूर्वेचा वारा वाळू घेऊन येतो आणि जे समोर येईल ते घासून काढतो.

पूर्वेचा वारा. आणि मी उभी होते पश्चिमेच्या भिंतीसमोर.

कप तसाच हातात धरून मी घराला फेरी मारली. पूर्वेकडची पुढची भिंत, जिनं इतकी वर्षं मुरलिंगचा वारा खाल्ला, ती खरखरीत होती, पण बेताचीच, कारण समोर चर्च आहे आणि मध्ये व्हरांडा. मागच्या, खिडकीच्या भिंतीला तर अख्ख्या घराचा आडोसा. तिला वारा लागतच नाही. मग हे एवढं लाकूड खाल्लं कुणी? आणि कुठं?

मी सास्कियाला फोन केला आणि अल्माला जाऊन गाडीत घालून आणलं. मेव्हिस मावशी आपणहून आली, तिला बातमीचा वास येतो.

“हात लाव,” मी अल्माला म्हटलं. “ह्या भिंतीनं फाइंडचा वारा खाल्लाय. तुझी खिडकी तिथं पूर्वेला होती. घर इथं आणल्यावर उलटं लावलं.”

“असं कसं उलटं लावतील? खुणा होत्या फळ्यांवर.”

“फळ्या बरोबरच लावल्या गं. घर फिरवलं. तिथं तुमचा रस्ता पश्चिमेला असणार, इथं प्लॉट मिळाला रस्त्याच्या ह्या अंगाला. व्हरांडा रस्त्याकडे हवा, की झालं, स्वैपाकघर गेलं पश्चिमेला.”

“पण संध्याकाळचं ऊन…”

“ते इथलं ऊन,” सास्किया हळूच म्हणाली. “तुम्हाला मुरलिंगचं ऊन आठवतंय, अल्मा. घर तेच, खिडकी तीच, टेबल तेच. तुमच्या डोक्यात ते एकच घर आहे.”

मेव्हिस मावशी मनापासून हसली. “घरं उचलून नेता, आणि सूर्य कुठून उगवायचा ते विसरून जाता. धन्य आहे तुमची!”

अल्माला राग यायला हवा होता, पण ती भिंतीवर तळवा ठेवून तशीच उभी राहिली. “म्हणजे तो आहे,” ती म्हणाली. “मी बनवलेला नाही.”

पुन्हा फाइंड. ह्या खेपेला ढिगाऱ्याच्या पूर्वेला. सास्कियानं वरची वाळू झाडली आणि थोड्याच वेळात तिचे हात थांबले. लाल जमिनीत एक फिकट लांबट चौकोन दिसत होता. माझ्यासारखीलाही दिसला, इतका स्पष्ट. मऊ, मिसळलेली माती. जेमतेम माझ्या दोन हातांत मावेल एवढा तो चौकोन. अल्मानं टोपी काढली.

सास्किया चमच्यानं माती काढत खाली खाली गेली. तळाला पोचली आणि बराच वेळ वाकून राहिली.

“काय आहे?” अल्मानं विचारलं. “सांग, मी पडायची नाही.”

“काहीच नाही,” सास्किया म्हणाली. “पेटीच्या तळाचा ठसा आहे, चारही कोपरे दिसतायत. पण पेटी नाही. लाकडाचा तुकडा नाही, खिळा नाही, हाड नाही. ती अख्खी उचलून बाहेर काढलीय, अल्मा. फार पूर्वी.”

“कुणी? चोरांनी?”

“चोर खड्डा भरत बसत नाहीत. हा भरलाय. थराथरानं, हातानं दाबून.”

मेव्हिस मावशी खुर्चीतून उठून कडेला आली. खाली बघितलं. “हे आईचं काम आहे,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाचं नव्हे.”

अल्मा तिच्याकडे बघतच राहिली. मग माझ्याकडे, मग खड्ड्याकडे. “नेलं तर मला कळलं कसं नाही? आणि नेलं कुठं?”

मी उत्तर शोधत नव्हते. मी त्या ढिगाऱ्याकडे बघत होते. सास्कियानं चुलीच्या भोवतालचे दगड मोकळे केले होते आणि चुलीच्या तोंडाशी जिथं रुंद फरशी असते तिथं नुसती माती होती. आजूबाजूच्या प्रत्येक चुलीला ती फरशी होती. गुलाबी दगडाची, एका हाताएवढी लांब. दगड कुणी नेत नाही. आणि तसाच एक गुलाबी दगड माझ्या स्वैपाकघराच्या खिडकीखाली पडलेला आहे. मी त्यावर बूट वाळत घालते.

“अल्मा,” मी म्हटलं, “माझ्या खिडकीखालची फरशी तिथं कुणी ठेवली?”

तिचा चेहरा मला अजून दिसतो. आधी काहीच नाही, नुसतं आठवणं. मग कुणी आतून दिवा काढून घेतल्यासारखा तो विझला.

“आईनं,” ती म्हणाली. “बाबा ओरडले होते, दगड कशाला घेतेस म्हणून. पाय पुसायला, म्हणाली. रोज सकाळी ती पीठ मळायची त्या खिडकीत उभी राहून. मी म्हणायचे, बाहेर बघण्यासारखं आहे काय? शेजाऱ्याचं कुंपण!” ती थांबली. “तिला कॅलगुर्लीच्या वृद्धाश्रमात नेलं ना, त्या दिवशी तिनं खिडकीची चौकट धरून ठेवली होती. सुटेचना. मला मेलीला लाज वाटली, लोक बघतायत म्हणून. मी तिची बोटं सोडवली, व्हर्ना. एकेक बोट. आणि घर तुला विकलं.”

“तुला माहीत नव्हतं.”

“मी विचारलं नाही! जन्मभर म्हणत राहिले, तिनं त्याला टाकलं. तिनं नाही टाकलं. मी त्या दोघांना तोडलं.”

अल्मा रडली. मोठ्यानं, तोंड न झाकता, त्या उघड्या माळावर. मेव्हिस मावशी तिच्याजवळ दगडावर बसली आणि तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. सास्कियानं खड्डा पुन्हा भरला, थराथरानं, हातानं दाबून. मला तिचं ते फार आवडलं.

मी अल्माला सांगून बघितलं की राहू दे त्याला माझ्याकडे. मशीन मुरलिंगला येणार नाही, मी बूट दुसरीकडे वाळवीन, फुलं लावीन. मनापासून म्हणत होते. पण ती हनुवटी पुढे आली.

“तू तरी किती वर्षं राहणार इथं? आणि आई तिकडे कॅलगुर्लीच्या दफनभूमीत एकटी आहे.”

पोलीस, आरोग्य खातं, पाद्री, सगळ्यांशी सास्कियानं बोलून घेतलं. त्यात बरेच दिवस गेले. मग एका सकाळी तिनं आणि मी मिळून फरशी उचलली. फार खोल नव्हता खड्डा. एकट्या बाईला घाईघाईत जेवढं खणता येईल तेवढाच. पेटी दिसली ती जुन्या, विरलेल्या गालिच्यात गुंडाळलेली. आतून पत्रा मारलेला म्हणून टिकली. झाकणावरची धोक्याची लाल अक्षरं अजून थोडी वाचता येत होती. कुणी ती उघडली नाही. अल्मानं नुसती वरची माती स्वतःच्या रुमालानं पुसून काढली.

कॅलगुर्लीला मी गाडी चालवत होते. मेव्हिस मावशी पुढे माझ्या शेजारी आणि अल्मा मागे. सास्कियानं पेटी पिकअपच्या मागच्या हौद्यात व्यवस्थित बांधून देते म्हटलं, तर अल्मानं तिच्याकडे असं बघितलं की तिनं दोर परत गुंडाळला. पेटी अल्माच्या मांडीवर होती. रस्ता सरळ, दोन्हीकडे तांबडी माळरानं आणि चकाकणाऱ्या बुंध्यांची झाडं. मेव्हिस मावशीचा डोळा लागला.

आणि मागून एकदम अल्माचा आवाज आला.

“व्हर्ना, गाडी थांबव.”

मी कडेला घेतली. वाटलं, तिला बरं वाटत नाहीये. मागे वळून बघितलं तर ती पेटीकडे बघत होती. दोन्ही हात पेटीभोवती, कोपर बाहेर, हनुवटी झाकणावर टेकलेली.

“आई अशीच बसली होती,” ती म्हणाली. “लॉरीत. ड्रायव्हरच्या शेजारी. गालिचा मांडीवर घेऊन. मला वाटलं, आत कपबशा आहेत. मला खाली पायांशी बसवलं होतं आणि मी सगळा रस्ता भोकाड पसरलं होतं, मला मांडीवर घे, मला मांडीवर घे म्हणून. ती म्हणाली, राजा, आज नाही. मला इतका राग आला होता तिचा. तिथूनच आला होता, आत्ता कळतंय मला. लॉरीतूनच.”

मेव्हिस मावशी जागी झाली होती, पण तिनं डोळे मिटलेलेच ठेवले.

“मांडीवर तो होता,” अल्मा म्हणाली. “मला कुठं घेणार होती ती?”

तिनं पेटी जराशी वर सरकवून नीट धरली, मूल धरतात तशी, आणि मला म्हणाली, चल आता, हळू चालव.